पाल्मे खून प्रकरण: स्वीडिश बातम्यांच्या शोधाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी झाली, पंढरपूरच्या गाड्यांची गर्दी ओसरली आणि आज संध्याकाळी सोलापुरात विजापूर वेशीजवळ अण्णांच्या घरी आमची पहिली बैठक बसली. अण्णांनी उभी हयात इथल्याच एका दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक म्हणून काढली. सोबत जिल्हा न्यायालयात वकिली करणारी माझी मैत्रीण (तिला सगळे वकीलताईच म्हणतात), सॉफ्टवेअरमधला माझा भाचा आणि मी.

काम असं: स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या खुनावर मराठीत पाच भागांची, ऐकायची मालिका. २८ फेब्रुवारी १९८६, शुक्रवारची रात्र. पाल्मे आणि त्यांच्या पत्नी लिस्बेत सिनेमा पाहून स्टॉकहोमच्या रस्त्यावरून पायी घरी निघाले होते. अंगरक्षकांना त्यांनी त्या दिवशी घरी जायला सांगितलं होतं. ११ वाजून २१ मिनिटांनी स्वेआवेगेन आणि टुनेलगातान या रस्त्यांच्या कोपऱ्यावर मागून गोळी झाडली गेली. लिस्बेत यांना दुसरी गोळी चाटून गेली. मारेकरी गल्लीतून पायऱ्या चढून पळाला.

आपल्याकडे हा माणूस परका नव्हता. १९८५ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना मिळाला, दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तरी मराठीत त्यांच्या खुनाबद्दल जे सापडतं ते जवळजवळ सगळं इंग्रजीवरून उतरवलेलं, आणि ते इंग्रजीही बहुतेक लंडन नाहीतर न्यूयॉर्कहून आलेलं. स्वीडनमध्ये स्वीडिश माणसाने स्वीडिश वाचकाला काय सांगितलं, हे आपल्यापर्यंत येतच नाही. तिथूनच सुरुवात करायची ठरली. आमच्यापैकी कुणालाही स्वीडिश येत नाही. पण या शहरात घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी अशी वाढलेली माणसं आहेत. न येणाऱ्या भाषेतलं वाक्य कुणाकडून कसं तपासून घ्यायचं, याची सवय आहे.

एकच नियम लिहून घेतला. मालिकेतल्या प्रत्येक विधानापुढे दोन गोष्टी हव्यात: हे पहिल्यांदा कोण बोललं, आणि त्याला ते कसं माहीत.

९ जुलै, बुधवार

आज स्वीडिश वृत्तपत्रांची ओळख करून घेतली. दागेन्स न्यूहेटर (१८६४ पासून) आणि स्वेन्स्का दागब्लादेत (१८८४ पासून) ही सकाळची भारदस्त दैनिकं. आफ्तोनब्लादेत (१८३०) आणि एक्सप्रेसेन (१९४४) हे सायंदैनिकांच्या घराण्यातले, मोठ्या मथळ्यांचे. सरकारच्या हुकमात नसलेली पण सार्वजनिक पैशावर चालणारी रेडिओ आणि टीव्ही केंद्रं वेगळी. या सगळ्यांना मजकूर पुरवणारी वृत्तसंस्था टीटी, १९२१ पासूनची.

भाचा म्हणाला, सायंदैनिकं सरळ वगळू, निम्मं काम कमी होईल. अण्णा बसल्या जागेवरून उसळले. "असं नसतंय बे. आधी बघ, कुणी काय बाहेर काढलं." आणि बघितलं तर त्यांचंच खरं. १ जून १९८८ ला एक्सप्रेसेननेच उघड केलं की एब्बे कार्लसन नावाचा एक प्रकाशक खाजगीत, कायदामंत्र्यांच्या आशीर्वादाने, या खुनाचा समांतर तपास करत होता. कायदामंत्री आना-ग्रेटा लेयोन यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. त्या बातमीसाठी एक्सप्रेसेन हाच पहिला आणि सर्वात जवळचा स्रोत. पण त्याच वर्गातल्या पत्रांनी संशयितांबद्दल जे रंगवून छापलं, त्यातलं बरंच पुढे टिकलं नाही. म्हणून पत्राच्या नावावर शिक्का मारायचा नाही, बातमी बातमी तपासायची.

अण्णांनी दुसरी गोष्ट शिकवली ती आयुष्यभर पुरेल. भाच्याने एका घटनेच्या आठ बातम्या काढल्या होत्या, स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन, इंग्रजी. अण्णांनी छापलेले कागद घेऊन पेन्सिलने फक्त अवतरणं अधोरेखित केली. आठातल्या सहांत तीच दोन अवतरणं, त्याच क्रमाने. "सहा घागरी आहेत, विहीर एकच आहे," ते म्हणाले. त्या सहांपुढे आता आमच्या वहीत एकच ओळ आहे, टीटीच्या नावाने. उरलेल्या दोघांचे वार्ताहर मात्र स्वतः तिथे हजर होते, त्यांना स्वतंत्र ओळी मिळाल्या.

१२ जुलै, शनिवार

तारखेचा घोळ निस्तरला. काही ठिकाणी खून २८ फेब्रुवारीचा, काही ठिकाणी १ मार्चचा. दोन्हीत तथ्य आहे. गोळी २८ तारखेला रात्री ११.२१ ला लागली. साबात्सबेरी रुग्णालयात मृत्यू जाहीर झाला तो १२ वाजून ६ मिनिटांनी, म्हणजे १ मार्चला. आपलं घड्याळ हिवाळ्यात स्टॉकहोमच्या साडेचार तास पुढे, त्यामुळे गोळी झाडली गेली तेव्हा सोलापुरात पहाटेचे ३.५१ झाले होते.

अण्णांनी यावरून लगेच हिशेब मांडला. त्या वेळी शहर आवृत्ती छापून झालेली आणि गठ्ठे एसटी स्टँडवर पोचलेले असणार, म्हणजे १ मार्चच्या मराठी अंकात ही बातमी शोधण्यात अर्थ नाही, २ मार्च बघा. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात मागच्या खोलीत बांधीव फायली आहेत. पानं कडेने तपकिरी झालेली, उलटताना तुकडे हातात येतात, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरून एकेक पान दोन्ही हातांनी उचलावं लागलं. २ मार्चलाच पहिल्या पानावर बातमी निघाली. वर ‘स्टॉकहोम, ता. १’ आणि खाली वृत्तसंस्थेचं नाव. पाल्मेंचा फोटो डाव्या अंगाला. मजकूर नीटस, संयमी, आणि त्यात एकही चूक सापडली नाही. ज्या उपसंपादकाने पहाटेपासून येणाऱ्या तारांमधून हे बांधलं, त्याचं नाव कुठेच नाही. मालिकेत या पानाचा उल्लेख करायचाच, असं मी ठरवलं आहे.

१३ जुलै, रविवार

स्टॉकहोमच्या शाही (म्हणजे राष्ट्रीय) ग्रंथालयात देशात छापलेलं सगळं जमा होतं, १६६१ पासून. वर्तमानपत्रांचा मोठा साठा त्यांनी स्कॅन केला आहे. पण घरबसल्या मोफत दिसतात ती ११५ वर्षांपेक्षा जुनी पानं. १९८६ ची पानं बघायला तिथल्या ग्रंथालयात जावं लागतं. दैनिकांचे स्वतःचे जुने अंक वर्गणीदारांना उघडतात. एका महिन्याची वर्गणी चौघांत वाटून घेतली.

जर्मनांचं डेर श्पीगेल मात्र जुने अंक मोकळे ठेवतं. मार्च १९८६ मधले त्यांचे लेख काढून ठेवले, स्वीडनबाहेरचा डोळा म्हणून. त्यापेक्षा जास्त वजन त्यांना देता येणार नाही.

खरा खजिना दुसरीकडे निघाला. स्वीडन सरकारने नेमलेल्या समित्यांचे अहवाल क्रमांकाने छापले जातात आणि ते कुणालाही वाचता येतात. १९९९ चा ८८ क्रमांकाचा अहवाल हा पाल्मे तपासाच्याच तपासाचा. जवळजवळ हजार पानं, पोलिसांनी काय केलं, काय करायचं राहिलं, कुठला धागा किती दूर नेला. १९८७ आणि १९८८ चे आणखी अहवाल आहेत. कुठल्याही वर्तमानपत्रापेक्षा आमच्यासाठी हा पाया. उदाहरणार्थ, रस्त्यावरच्या दोन्ही गोळ्या पोलिसांना नव्हे तर साध्या नागरिकांना सापडल्या, घेरलेल्या जागेच्या बाहेर. ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी वाचली होती की ती दंतकथाच वाटायची. ती खरी आहे.

भाच्याने अहवालाचे प्रकरणवार तुकडे करून दोन वेगवेगळ्या यंत्रांकडून भाषांतर काढलं. जिथे दोन भाषांतरं जुळत नाहीत, त्या ओळींना पिवळा रंग. पिवळी ओळ माणसाने तपासल्याशिवाय वापरायची नाही.

१६ जुलै, बुधवार

आज नळाला पाणी येण्याचा दिवस, त्यामुळे बैठक उशिरा.

तीन माणसांची नावं वेगळी लावण्यात संध्याकाळ गेली, आणि ती गेली हे बरं झालं. १९८९ मध्ये ज्याच्यावर खटला चालला तो क्रिस्टर पेटरसन. २०२० मध्ये तपास बंद केल्याचं जाहीर करणारे सरकारी अभियोक्ता, त्यांचंही नाव क्रिस्टर पेटरसन. आणि २०१८ मध्ये फिल्टर या मासिकात नवा संशयित पुढे आणणारे पत्रकार थॉमस पेटरसन. रोमन लिपीत पहिल्या दोघांच्या नावात एखाद-दुसऱ्या अक्षराचा तरी फरक आहे, देवनागरीत तोही उरत नाही. ऐकणाऱ्याला तर काहीच कळणार नाही. निर्दोष सुटलेला आरोपी आणि त्याच प्रकरणातला अभियोक्ता एक होऊन बसले तर तो मेलेल्या माणसावरचा अन्यायच. मालिकेत पहिल्याला नेहमी ‘१९८९ चा आरोपी’, दुसऱ्यांना ‘अभियोक्ता’, तिसऱ्यांना ‘फिल्टरचे पत्रकार’ म्हणायचं. नाव एकदाच, ओळख करून देताना.

यंत्राच्या भाषांतरात दोन ठिकाणी हे दोघे अदलाबदल झालेले सापडले. दोन्ही ओळी पिवळ्याच होत्या.

२० जुलै, रविवार

वकीलताईचा दिवस. तिने खटल्याचे निकाल हाती घेतले. स्टॉकहोमच्या जिल्हा न्यायालयाने २७ जुलै १९८९ ला आरोपीला दोषी ठरवून जन्मठेप दिली. स्वेआ अपील न्यायालयाने २ नोव्हेंबर १९८९ ला त्याला निर्दोष सोडलं. अभियोक्त्यांनी खटला पुन्हा उघडायची मागणी केली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये फेटाळली. तो २००४ मध्ये मेला, कायद्याच्या नजरेत निर्दोष.

जिल्हा न्यायालयाच्या निकालात एक गोष्ट वकीलताईला फार लागली. पीठावर दोन कायदा शिकलेले न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक. सहाही नागरिकांनी दोषी म्हटलं, दोन्ही न्यायाधीशांनी निर्दोष. पुढे अपिलात जे झालं त्याचं बीज इथेच आहे, पण इंग्रजी बातम्यांत हे विभाजन बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेलं. स्वीडिश दैनिकांनी मात्र दुसऱ्या दिवशीच मतांची फोड छापली होती.

सगळा पुरावा मुळात लिस्बेत यांच्या ओळखीवर उभा होता. डिसेंबर १९८८ मधली ती ओळखपरेड व्हिडिओवर झाली, आणि संशयित दारूच्या व्यसनातला आहे हे त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. वकीलताई म्हणाली, "आपल्याकडे तहसीलदारांसमोर ओळखपरेड होते ना, तिथेही बचावाचा पहिला प्रश्न हाच असतो, साक्षीदाराला आधी काय सांगितलं?" नवऱ्याच्या शेजारी उभी असताना त्याला मारलेलं पाहिलेल्या बाईबद्दल ती हे बोलत होती, आणि आवाज खाली ठेवून बोलत होती. दुसऱ्या भागात हा प्रसंग तिनेच सांगावा, असं मी सुचवलं. तिने मान्य केलं.

हे निकाल मिळवणं अवघड नाही, हेही लिहून ठेवण्यासारखं. स्वीडनमध्ये सरकारी कागद मागण्याचा हक्क १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापासून आहे. मागणाऱ्याने आपण कोण, कागद कशाला हवा, हे सांगायची सक्ती नाही. आपला माहितीचा अधिकार २००५ चा, तो नागरिकांसाठी, दहा रुपये आणि तीस दिवस.

अण्णांच्या जुन्या कात्रणवहीत जुलै १९८९ ची जन्मठेप चिकटवलेली आहे. नोव्हेंबरची सुटका नाही. त्यांनी पान उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, शिक्षेची बातमी तारेवर ठळक येते, सुटकेची चार ओळीत येते, आणि त्या रात्री जागा नसली की तीही जाते. तेव्हापासून वहीत नवीन रकाना पडला आहे: ‘पुढे काय झालं’.

२३ जुलै, बुधवार

नवा रकाना लगेच कामाला आला. भाच्याला इंग्रजीत सापडलं होतं की खुनात वापरलेलं हत्यार कदाचित तळ्यात मिळालं. बातमी खरी आहे, २००६ ची. एक्सप्रेसेनकडे आलेल्या माहितीवरून दालार्ना भागातल्या एका तळ्यातून .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर काढलं गेलं, १९८३ च्या एका पोस्ट ऑफिस दरोड्यात वापरलेलं. इंग्रजीतला माग इथे संपतो. स्वीडिशमध्ये पुढच्या वर्षीची बातमी आहे: प्रयोगशाळेने तपासलं, नळी इतकी गंजलेली की गोळ्यांशी ताडून काहीच सांगता आलं नाही. खुनाचं हत्यार आजतागायत हाती नाही.

दक्षिण आफ्रिकेचा धागाही पाहिला. १९९६ मध्ये तिथला माजी पोलीस अधिकारी यूजीन डी कॉक याने प्रिटोरियाच्या कोर्टात वर्णद्वेषी राजवटीच्या हेरांकडे बोट दाखवलं. खुनाच्या एकच आठवडा आधी, २१ फेब्रुवारीला, पाल्मे स्टॉकहोममध्ये वर्णद्वेषाविरुद्ध बोलले होते, त्यामुळे गोष्ट मनाला पटते. पण पहिला बोलणारा कोण आणि त्याला कसं माहीत, हे विचारलं की डी कॉकने स्वतः पाहिलेलं काहीच उरत नाही. चौथ्या भागात ‘आरोप’ म्हणून दोन मिनिटं.

बोफोर्सबद्दल श्रोते विचारणारच. भारताचा तोफांचा करार २४ मार्च १९८६ चा, खुनानंतरचा. लाचेची बातमी स्वीडिश रेडिओने दिली १६ एप्रिल १९८७ ला. दोन्ही तारखा सांगायच्या, खुनाशी सांधा जोडायचा नाही, कारण सांधा दाखवणारा एकही पहिल्या हाताचा कागद आमच्या वहीत नाही.

२७ जुलै, रविवार

आज सर्वात जास्त वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. प्रश्न २०२० च्या संशयिताचा.

१० जून २०२० ला अभियोक्त्यांनी पत्रकार परिषदेत एका माणसाचं नाव घेतलं. स्वेआवेगेनवर स्कँडिया विमा कंपनीचं मुख्यालय होतं, तिथला हा नोकर, त्या रात्री घटनास्थळाजवळ होता, म्हणून लोक त्याला स्कँडियाचा माणूस म्हणतात. तो २००० मध्येच मेला. मेलेल्यावर खटला चालत नाही, म्हणून तपास बंद. आम्ही ती पत्रकार परिषद पूर्ण पाहिली, भाच्याने काढलेला लिखित मजकूर समोर ठेवून. अभियोक्ता थेट तांत्रिक पुरावा नाही हे स्वतः सांगतात. संशयित म्हणून या माणसाला बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही, असं ते मांडतात. आणि बाहेर इंग्रजीत कितीतरी मथळे असे, जणू खुनी सापडला. पत्रकार परिषद आणि मथळा यांच्यात जो फरक आहे, तोच आमच्या मालिकेचा विषय आहे.

भाच्याचं म्हणणं, नाव जगभर छापून आलंय, अभियोक्त्याने उघड घेतलंय, आपण लपवून काय साधणार? वकीलताईचं म्हणणं, ज्याच्यावर कधी खटला चालला नाही, ज्याला उत्तर द्यायला तोंड राहिलं नाही, त्याचं नाव आपण घ्यायचं नाही. स्वीडिश वृत्तपत्रांची स्वतःची आचारसंहिताही संशयिताचं नाव छापताना फार जपून वागायला सांगते. तक्रार आली तर बघायला १९१६ पासून त्यांचं पत्र-मंडळ होतं. २०१८ सालच्या आधीच्या कितीतरी लेखांत हाच माणूस फक्त साक्षीदार म्हणून येतो.

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी सोलापूरचाच दाखला दिला. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. "त्यावेळी बाहेरच्या देशात कुणी सोलापूरची बातमी वाचली असंल, तर ती सरकारी तारेवरची. चौघं खुनी. बास. त्यातले कुर्बान हुसेन स्वतः पेपर चालवत होते, हे कुणाला कळलं असंल? आता आपण स्टॉकहोमसाठी तेच करायचं का?"

त्यावर भाचा काही बोलला नाही, त्याने वहीतल्या त्या माणसाच्या नावावर स्वतःच रेघ मारली आणि ‘स्कँडियाचा माणूस’ लिहिलं. अभियोक्त्याचं म्हणणं मालिकेत पूर्ण येईल, पुरावा नसल्याची त्यांचीच कबुली त्याच वाक्यात येईल, नाव येणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

वही बंद केली. जी विधानं राहिली त्या प्रत्येकापुढे पहिला बोलणारा आहे. स्वीडनमध्ये शिकलेल्या एका ओळखीच्या मुलीने उरलेल्या पिवळ्या ओळी फोनवरून वाचून दिल्या. तिने तीन ठिकाणी दोन्ही यंत्रांपेक्षा वेगळा अर्थ सांगितला आणि कारणही सांगितलं, ते वहीत आहे.

स्वीडनने २०१० मध्ये खुनाचा खटला भरण्यासाठीची पंचवीस वर्षांची मुदत उठवली, नाहीतर हे प्रकरण २०११ मध्ये कायद्यानेच संपलं असतं. १३० हून जास्त लोकांनी आजवर ‘मीच मारलं’ म्हणून कबुली दिली आहे, तपासाच्या कागदांना २५० मीटर लांबीचे कप्पे लागतात. हे दोन आकडे पाचव्या भागात जातील.

रेकॉर्डिंग शनिवारी, भाच्याच्या खोलीत, गोधड्या लावून. पहिला भाग वाचायचा तो अण्णांनी, २ मार्च १९८६ च्या बातमीपासून. वकीलताईने दुसऱ्या भागाची संहिता पाठवली आहे, तिच्यावर माझ्या खुणा उद्यापर्यंत करून द्यायच्या.